ट्रकवर कामाला लागताय? एका लायसन्सवर पगार वेगवेगळा का, ते आधी समजून घ्या

नागपुरात वाडीला, कापसीला, नाहीतर कळमन्याच्या गेटबाहेर नवी पोरं भेटतात. लायसन्स हातात असतं आणि प्रश्न ठरलेला असतो: "टँकरवाल्याला एवढे मिळतात, टिप्परवाल्याला एवढेच, लाईनवाला (लांब पल्ल्याचा) म्हणतो चाळीस हजार. मग मी कुठं लागू?"

मी सोळा वर्षं गाडीवर आहे. दोन वर्षं क्लीनर, तीन वर्षं पार्सल गाडी, दोन वर्षं कोळशाचा टिप्पर, चार वर्षं कंटेनर आणि आता पाच वर्षांपासून तेलाचा टँकर. प्रत्येक ठिकाणी पैशाचा हिशोब वेगळा होता, आणि प्रत्येक ठिकाणी तो मला उशिरा कळला. तुमची तेवढी वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

माझ्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "बाबू, पगार किती देते थे नोको पुसू. गाडी किती दिवस उभी रायते थे पूस." तेव्हा ते माझ्या डोक्यावरून गेलं. पुढचं सगळं त्याच एका वाक्याभोवती आहे.

१. पैसे कशाचे मिळतात, ते ओळखा

आपल्याकडे ड्रायव्हरला पैसे द्यायच्या चार-पाच रीती आहेत. मालक आकडा सांगतो, पण ती रीत कोणती हे नवा माणूस विचारतच नाही.

महिन्याचा बांधील पगार: गाडी चालो न चालो, पगार ठरलेला. वर खुराकी म्हणजे रोजचा जेवणखर्च वेगळा, किंवा त्यातच धरलेला. कंपन्यांची वाटपाची कामं आणि मोठ्या ट्रान्सपोर्टच्या गाड्या बहुतेक अशा चालतात.

ट्रिपवर: एका फेरीचे ठरलेले पैसे. लाईनच्या गाड्या आणि टिप्पर यांच्यात हे जास्त.

किलोमीटरवर: मीटर फिरेल तेवढा पैसा.

हजेरीवर: जेवढे दिवस आलात तेवढे दिवस मोजायचे. शहरातल्या छोट्या गाड्या, बांधकामाचं काम.

भाड्यात टक्का: एकदोन गाड्या असलेला मालक कधी कधी असं ठरवतो. भाडं किती आलं हे तुम्हाला दिसत असेल तरच ह्यात पडा.

महिन्याच्या पगारात गाडी रिकामी उभी राहिली तर नुकसान मालकाचं. ट्रिपवर आणि किलोमीटरवर ते तुमच्या अंगावर येतं. म्हणून ट्रिपवाल्याचा आकडा ऐकायला नेहमी मोठा असतो. न भरणाऱ्या दिवसांची जोखीम त्या आकड्यात तुम्ही उचललेली असते.

२. नागपुरातली कामं आणि त्यांतला फरक

आपलं गाव रस्त्यांच्या चौकात बसलं आहे. श्रीनगर–कन्याकुमारी ४४ नंबर इथून जातो, सुरतेकडून रायपूर-ओडिशाकडे जाणारा ५३ नंबर इथूनच जातो, आणि शिवमडक्यापासून ७०१ किलोमीटरचा समृद्धी मुंबईच्या दिशेनं सुटतो. शिवाय आजूबाजूला कोळसा, मँगनीज, सिमेंट, वीजकेंद्रं, बुटीबोरी-हिंगण्याच्या कंपन्या. त्यामुळे एकाच शहरात सगळ्या जातीचं काम मिळतं.

*शहरातलं वाटप (छोटा हत्ती, पिकअप, १४ फुटी आयशर).* पगार सर्वांत कमी, कारण माणसं भरपूर मिळतात. दिवस गर्दीत जातो, नो-एन्ट्रीच्या वेळा सांभाळाव्या लागतात आणि पुष्कळदा माल उतरवायलाही तुम्हालाच हात लावावा लागतो. पण रात्री घरी झोपता येतं. सुरुवातीला हेच घ्या, असं मी स्पष्ट सांगतो.

*टिप्पर (कोळसा, गिट्टी, मुरूम, वाळू).* फेऱ्यांवर पैसा. अंतर छोटं, पण रांगा मोठ्या. उमरेडकडच्या खाणीवरची एक रात्र मला अजून आठवते. पुढे तीसेक टिप्पर, सगळ्यांचे दिवे बंद, माझा क्लीनर ताडपत्रीच्या घडीवर झोपलेला. चहाच्या ग्लासावर दहा मिनिटांत कोळशाची काळी साय धरली. वजनकाटा बंद पडला होता. रोज चार फेऱ्या व्हायच्या, त्या रात्री दोनच झाल्या आणि पैसे निम्मे मिळाले. चूक ना माझी होती ना मालकाची, पण गेले ते माझ्या खिशातूनच. पावसाळ्यात वाळूचे घाट बंद असतात, मुरमाचं कामही थंडावतं. टिप्परच्या कमाईचा हिशोब म्हणूनच बारा महिन्यांचा करा. जानेवारीतल्या आकड्यावर जुलैचा हप्ता ठरवू नका.

*लाईनची गाडी (दहा चाकी, बारा चाकी, चौदा चाकी).* रायपूर, हैदराबाद, मुंबई, दिल्ली, कोलकाता. आकडा मोठा, घर दूर. इथं सगळा खेळ वापसीच्या मालावर आहे. जाताना भाडं मिळालं आणि येताना तीन दिवस माल मिळाला नाही, तर मालकाचंही बिघडतं आणि तुमचंही. पार्सल गाडीत वेळ बांधलेली असते, रात्रभर पळावं लागतं, पण गोदामातून गोदामात जायचं असल्यानं गाडी फार थांबत नाही. त्यामुळे ट्रिपचे पैसे कमी वाटले तरी महिनाअखेर बरोबरी होते.

*बल्कर (सिमेंट, राख).* चंद्रपूरकडचं सिमेंट, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख. टाकीत हवेचा दाब भरून माल वर चढवावा लागतो. व्हॉल्व्ह, दाबाचा काटा, पाईप जोडणं हे सगळं ड्रायव्हरनंच करायचं. दाब असताना झाकण उघडलं तर जिवावर बेततं. ही कारागिरी ज्याला येते त्याला साध्या गाडीपेक्षा जास्त मिळतं, आणि ते रास्त आहे.

*कंटेनर.* मिहान आणि बोरखेडीच्या डेपोंभोवतीचं काम. हमाली नाही, ताडपत्री नाही, सील लावलेला डबा. पण कागद फार आणि गेटवरचं थांबणंही फार. ट्रेलर मागे घेता येणं ही इथली खरी परीक्षा. साध्या ट्रकवर दहा वर्षं काढलेला माणूसही पहिल्या दिवशी ट्रेलर वाकडा घालतो, कारण स्टिअरिंग ज्या बाजूला फिरवाल त्याच्या उलट बाजूला मागचा भाग जातो.

*टँकर (पेट्रोल, डिझेल, गॅस, रसायनं).* इथं पगार चढा असण्याचं कारण धोका आहेच, पण तेवढंच नाही. धोकादायक मालाची नोंद लायसन्सवर लागते. त्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण लागतं, आणि एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता यावं लागतं. ही अट पूर्ण करणारी माणसं कमी, म्हणून दर जास्त. दुसरं, टँकर येताना रिकामाच येतो. भाडंच येण्याजाण्याचं धरून ठरतं, त्यामुळे वापसीच्या मालासाठी बसून राहावं लागत नाही. मी पार्सलपेक्षा टँकरवर सुखी आहे ते ह्या दुसऱ्या कारणानं.

*मोठ्या मापाचा माल (ट्रान्सफॉर्मर, यंत्रं).* साध्या मालाच्या ई-वे बिलाला (मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाईन कागद) एक दिवसाची मुदत २०० किलोमीटरला मिळते. मापाबाहेरच्या मालाला दर २० किलोमीटरला एक दिवस. एवढ्यावरून ती गाडी किती हळू चालते ते समजा. अशा कामात किलोमीटरवर पैसे ठरवणारा माणूस उपाशी मरेल. तिथं दिवसावरच ठरवायचं, आणि जुने ड्रायव्हर तसंच ठरवतात.

*नवी चेसिस (बॉडी न बसवलेली नवी गाडी) पोहोचवणं.* एकेरी ट्रिपचे पैसे. परतीचं भाडं आणि वाटेतला खर्च कोणाकडे, हे आधी विचारा. हुडाशिवायची (केबिन नसलेली) चेसिस असेल तर ऊन-पाऊस सगळं अंगावर.

३. महिन्याच्या आकड्याला दिवसांनी भागा

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीपुरते आहेत, रीत महत्त्वाची.

मालक म्हणतो, "मुंबईची ट्रिप, येऊन जाऊन ९,००० रुपये. महिन्याला पाच ट्रिप होतात, ४५,००० कुठं गेले नाहीत." आता दिवस मोजा. जायला २, भिवंडीला गोदामात खाली व्हायला २, वापसीच्या मालाची वाट बघण्यात २, यायला २, नागपुरात खाली करायला १. झाले ९ दिवस. म्हणजे महिन्यात ट्रिपा तीनच, २७ दिवस, २७,००० रुपये. रस्त्यावर दोन वेळचं जेवण, चहा, आंघोळ धरून रोजचे ३५० गेले तर २७ दिवसांचे ९,४५० झाले. हातात उरले १७,५५०.

तेच दुसरा कोणी हिंगण्यात कंपनीच्या वाटपाला महिना १८,००० देतो आणि तुम्ही रात्री घरचं जेवता. ४५,००० आणि १८,००० ह्यांत खरा फरक उरला नाही.

आता ट्रिपवाल्याला एकच अट घाला: गाडी उभी राहिली तर दिवसाला ५०० रुपये हाल्टिंग. दर ट्रिपला उभे राहण्याचे ४ दिवस, तीन ट्रिपांचे १२ दिवस, म्हणजे ६,००० रुपये वाढले. हातात २३,५५० आले. एका अटीनं एवढा फरक पडतो. माल घेणारा उशीर करतो तेव्हा ट्रान्सपोर्टवाला त्याच्याकडून हाल्टिंग मागतोच. मिळालं तर त्यातला वाटा तुमचा असायला हवा, कारण गाडीत झोपता तुम्ही.

समृद्धीनं वेळ वाचतो, पण टोल मोठा आहे, म्हणून काही मालक जुन्या रस्त्यानंच पाठवतात. ट्रिपवर असाल तर कोणत्या रस्त्यानं जायचं हेही आधी ठरवा. जुन्या रस्त्यानं तुमचा एक दिवस जास्त जातो आणि वाचलेला टोल मालकाच्या खिशात राहतो.

४. लायसन्सची शिडी आणि लागणारे कागद

पहिली पायरी चारचाकीचं साधं लायसन्स. ते किमान एक वर्ष जुनं झाल्याशिवाय आणि वयाची २० वर्षं पूर्ण झाल्याशिवाय जड वाहनाचं शिकाऊ लायसन्स मिळत नाही. हे वर्ष रिकामं घालवू नका. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे की ७,५०० किलोपर्यंतचं हलकं मालवाहू वाहन साध्या लायसन्सवरही चालवता येतं. छोटा हत्ती, पिकअप ह्यात बसतात. ते वर्ष त्यांच्यावर काढा, शहराचे रस्ते पाठ होतील.

दुसरी पायरी शिकाऊ परवाना. तो ६ महिने चालतो आणि मिळाल्यापासून ३० दिवसांनी परीक्षा देता येते. अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर भरायचा. नागपुरात शहर, ग्रामीण आणि पूर्व अशी तीन आरटीओ कार्यालयं आहेत (एमएच ३१, ४० आणि ४९). तुमचा पत्ता कोणत्या हद्दीत येतो ते आधी बघा, नाहीतर चुकीच्या कार्यालयात हेलपाटा होतो.

सोबत ठेवायचे कागद:

- आधीचं लायसन्स
- पत्त्याचा आणि वयाचा पुरावा
- डॉक्टरचा दाखला, नमुना १-ए (जड वाहनाला स्वतःची घोषणा चालत नाही, डॉक्टरची सही लागते)
- मान्यताप्राप्त मोटार ट्रेनिंग स्कूलचं प्रमाणपत्र, नमुना ५
- फोटो, आधार जोडलेला चालू मोबाईल नंबर

मोटार स्कूल निवडताना फी किती हे विचारण्याआधी, जड गाडीवर खरोखर किती तास बसवतात ते विचारा. नुसतं प्रमाणपत्र विकणारी मंडळी आहेत. तो कागद परीक्षेला चालेल, पण कुरईच्या घाटात भरलेली गाडी तो सांभाळणार नाही.

आठवी पासची जुनी अट २०१९ मध्ये निघाली. ती सांगून कोणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका. जड लायसन्स ५ वर्षं चालतं. धोकादायक मालाची नोंद ३ वर्षं, आणि नूतनीकरणाला एक दिवसाचं उजळणी प्रशिक्षण लागतं. टँकरवर जायचं मनात असेल तर ही नोंद आत्ताच करून घ्या. जागा निघते तेव्हा मालक थांबत नाही.

५. होकार देण्याआधी विचारायचे प्रश्न

लाजू नका. चांगला मालक ह्या प्रश्नांनी चिडत नाही, उलट माणूस जाणता आहे म्हणून त्याला बरं वाटतं.

खुराकी पगारात की वेगळी? गाडी दुरुस्तीला लागली तर त्या दिवसांचं काय? हाल्टिंग किती आणि कितव्या दिवसापासून? ताडपत्री-रस्सी बांधायचे, काट्याचे, हमालीचे पैसे कोण देणार? क्लीनर मिळणार का? दुसरा ड्रायव्हर असेल तर ट्रिपचे पैसे दोघांत वाटायचे की प्रत्येकी वेगळे? महिन्यात घरी किती दिवस?

गाडी कोणत्या सालची, हेही विचारा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना एसी केबिन सक्तीची आहे. मे महिन्यात नागपूरहून निघणाऱ्या माणसाला ही चैन वाटायची नाही. मी तर ती पगाराचाच भाग धरतो.

आणि पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ईएसआय (कामगार विमा) आहे का ते विचारा. इथं माझं मत ठाम आहे. रोखीत दोन हजार जास्त देणाऱ्यापेक्षा पगारपावती देणारा बरा. पीएफमध्ये तुमच्या १२ टक्क्यांइतकाच वाटा मालक टाकतो. खातेदार नोकरीत असताना गेला तर विम्याचे ७ लाखांपर्यंत घरच्यांना मिळतात. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयमध्ये तुमचे ०.७५ टक्के कापून सगळ्या कुटुंबाचे उपचार होतात. माझ्याबरोबरच्या एका ड्रायव्हरचा पाय मोडला तेव्हा त्याच्याकडे ह्यातलं काहीच नव्हतं. चार महिने घरी बसला आणि बायकोचे दागिने मोडून घर चाललं. त्याचा रोख पगार माझ्यापेक्षा जास्त होता.

६. पैसा इथं गळतो

*डिझेलचं ॲव्हरेज.* मालक म्हणतो, लिटरला अमुक किलोमीटर निघालं पाहिजे, कमी पडलं तर कापणार. एका मालकानं मला भरलेल्या आणि रिकाम्या गाडीला एकच ॲव्हरेज धरलं, लिटरला चार. घाटाच्या फेऱ्या माझ्या वाट्याला आल्या, गाडी साडेतीनच्या वर जाईना. दोन महिन्यांत ६,२०० रुपये कापले. भांडलो, पण लेखी काही नव्हतं. तेव्हापासून मी भरलेल्याचं वेगळं, रिकाम्याचं वेगळं ठरवून घेतो आणि व्हॉट्सॲपवर लिहून मागतो. पहिली टाकी फुल करून सुरुवात करा, म्हणजे वाद उरत नाही.

*मालाची घट.* तेल असो, सिमेंट असो, पोती असोत, भरताना आणि उतरवताना वजन किंवा माप स्वतः बघा. बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) सही करायच्या आधी सीलचा नंबर जुळवा, फोटो काढा. पोती फाटलेली असतील तर बिल्टीवर तसं लिहूनच घ्या. नंतर सांगितलेलं कोणी ऐकत नाही.

*ओव्हरलोड.* "दोन टन जास्त घे, ट्रिपमागे पाचशे जास्त देतो." ह्याला नाही म्हणा. दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा कायद्यात आहे. दंड मालक भरेलही, पण लायसन्स तुमचं निलंबित होतं, कमीत कमी तीन महिने. त्या तीन महिन्यांचा पगार मालक देणार आहे का, एवढंच त्याला विचारा.

*उचल.* लागतानाच वीस-तीस हजार उचल देणारा मालक दयाळू वाटतो. उचल घेतली की गाडी खराब असली तरी सोडता येत नाही. घ्यावीच लागली तर महिन्याला किती कापणार ते लिहून घ्या.

*मूळ लायसन्स.* मालकाच्या कपाटात ठेवायचं नाही. झेरॉक्स द्या. रस्त्यावर डिजिलॉकरमधलं लायसन्स चालतं, तरी मूळ कार्ड तुमच्या घरी असलं पाहिजे.

*झोप.* कायदा दिवसाला ८ तासांचं काम धरतो आणि जादा कामाला दुप्पट दर सांगतो. लाईनवर हे फार कमी ठिकाणी पाळलं जातं, मला माहीत आहे. तरी दोन ट्रिपांच्या मध्ये झोप मागून घ्या. रात्री दोन ते पाच ह्या वेळेत डोळा लागतो, आणि समृद्धीसारख्या सरळ रस्त्यावर तर लवकर लागतो. त्या वेळेत अर्धा तास गाडी बाजूला घेतल्यानं कोणाचा माल सडत नाही.

७. पहिल्या दिवसापासून वही

दहा रुपयांची खिशात मावणारी वही घ्या. प्रत्येक ट्रिपला एक पान. निघाल्याची तारीख-वेळ, मीटरचा आकडा, डिझेल किती लिटर, कुठं भरलं, गेटवर पोहोचल्याची वेळ, गाडी खाली झाल्याची वेळ, खिशातून गेलेला खर्च आणि मालकाकडून आलेले पैसे. गेटवर पोहोचल्याची आणि खाली झाल्याची वेळ सोडायची नाही. हाल्टिंगचा वाद तिथंच मिटतो. गेटपासचा फोटो जोडीला असला तर आणखी बरं.

तीन महिने झाले की पानं उलटा आणि एकूण पैशाला घराबाहेर काढलेल्या दिवसांनी भागा. जो आकडा येईल तो तुमचा खरा रोज, म्हणजे एका दिवसाची कमाई. दुसरी नोकरी बघताना त्याच्याशीच तुलना करा. मी कंटेनर सोडून टँकरवर आलो तेव्हा महिन्याचा आकडा जवळपास तोच होता, पण रोज वाढला, कारण महिन्याला आठ-नऊ रात्री घरी मिळू लागल्या.

नोकरी सोडायची झाली तर महिना संपल्यावर, हिशोब झाल्यावर सोडा. गाडी ताब्यात देताना मीटरचा आणि डिझेलच्या काट्याचा फोटो काढा. स्टेपनी, जॅक, पाना, ताडपत्री, रस्सी मोजून द्या आणि वहीच्या त्याच पानावर मुन्शीची (मालकाच्या हिशोबनीसाची) सही घ्या.